बोलल्याबिगर

“छत्र्या मिटा आधी,” ठमाबाई म्हणाल्या. “हिच्यावर सावली पडतीया.”

पावसात कसली आलीय सावली, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गद्रे मॅडमनी निमूटपणे छत्री मिटली आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मीही माझी मिटली. झालं! दोघीही पायापर्यंत भिजलो. ठमाबाई तेवढ्या डोक्यावरच्या इरल्यात कोरड्या होत्या.

समोर काळ्या खडकाच्या कपारीतून एक वेल खाली उतरली होती. दिसायला काही विशेष नाही हो. बोटाएवढी पानं, बारीक देठं, रानात अशा छप्पन्न वेली असतात. ठमाबाई हिला धापवेल म्हणायच्या. दम लागलेल्या पोराला त्या हिची पानं द्यायच्या, आणि आजूबाजूच्या सात गावांतली माणसं त्यासाठी डोंगर चढून त्यांच्या दारात यायची. ही वेल त्यांना साठ वर्षांत या खडकाशिवाय दुसरीकडे कुठे दिसली नव्हती.

आणि खाली दरीत नव्या धरणाचं पाणी चढत होतं. काल उंबराच्या बुंध्याशी होतं, आज उंबर अर्धा बुडाला होता. आठवड्याभरात हा खडक पाण्याखाली जाणार, आणि त्याच आठवड्यात सगळं वाघदरं गाव ट्रकमध्ये बसून खालच्या सपाटीला, पुनर्वसनाच्या वसाहतीत जाणार होतं. ठमाबाईही. वेल बरोबर न्यायची म्हणून त्यांनी तीनदा खटपट करून बघितली होती. फांदी लावली, मूळ खणलं, दाब कलम केलं. तिन्ही वेळा वेल मेली. शेवटी त्यांनी मॅडमना निरोप धाडला. मॅडम वीस वर्षं त्या डोंगरात झाडं शोधत हिंडत होत्या, त्यामुळे दोघींची जुनी ओळख होती.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, आणि मॅडमच्या हाताखाली कॉलेजच्या उती-संवर्धन प्रयोगशाळेत काम करत होते. नाव भारी आहे, काम सोपं सांगते. झाडाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, निर्जंतुक करायचा, बाटलीत गोड लगद्यावर ठेवायचा आणि त्याला फूट येईपर्यंत जपायचं. सगळं गणित एकाच गोष्टीवर चालतं, ती म्हणजे स्वच्छता. एक जंतू आत गेला की तो त्या गोड लगद्यावर ताव मारतो आणि झाडाचा तुकडा दोन दिवसांत कुजतो. आमच्या मोठ्या पाटीवर मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘लॅमिनारसमोर बोलू नये.’ लॅमिनार म्हणजे गाळलेल्या हवेची काचेची पेटी. तिच्यात हात घालून आम्ही कापाकापी करायचो.

ठमाबाईंनी कोयती काढली. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, तंबाखूचा बार भरलाय. त्या एकही शब्द न बोलता कापत होत्या आणि देठं ओल्या गोणपाटात रचत होत्या. अख्खी वेल कापली त्यांनी, काही मागे ठेवलं नाही. मग थोडं पलीकडे जाऊन तोंड मोकळं केलं, कनवटीची मिसरी काढून दातांना लावली आणि माझ्याकडे वळल्या.

“आता तुमी हिला आजून कापनार?”

“हो मावशी. एकेक पेर वेगळं करायचं. चाळीसेक तुकडे होतील.”

“कोन कापनार? ह्या बाई?”

“नाही, मी.”

त्यांनी माझं मनगट धरलं. बोटात मिसरी होती, तोंडात मिसरी होती आणि वरून पाऊस इरल्यावर ताशा वाजवत होता. “मंग ध्यानात ठिव पोरी. बोलल्याबिगर हिच्यावर पातं चालवायचं न्हाई. ही मानसावानी हाये. बोलल्याबिगर कापली तर रुसती, मरती. आमच्या सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगती. घे माझ्या गळ्याची आन.”

“नाही कापणार मावशी. बोलेन मी.”

त्यांनी एकदा माझ्याकडे जरा चमकून बघितलं, असं आता वाटतं. पण तेवढ्यात मॅडमनी हाक मारली, आणि आम्ही गोणपाट घेऊन उतरायला लागलो. वळणावरून मागे बघितलं तर ठमाबाई मोकळ्या खडकाकडे तोंड करून उभ्या होत्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. देठं धुणं, साबणाचं पाणी, मग पाऱ्याचं पाणी, हे सगळं मॅडमनी स्वतः केलं. पाऱ्याच्या पाण्याचा खेळ घड्याळावर असतो. कमी वेळ ठेवलं तर जंतू उरतात, जास्त ठेवलं तर झाडच मरतं. मॅडमची साठी जवळ आली होती, दोन वर्षांत निवृत्ती होती, आणि त्यांच्या उजव्या हाताला हल्ली थोडा कंप यायचा. त्या तो कुणाला दाखवायच्या नाहीत. चहाचा कप डाव्या हाताने धरायच्या. आम्हाला दिसायचं, पण आम्ही बघत नव्हतो.

“घे उज्ज्वला,” त्यांनी तुकड्यांची बाटली माझ्या हाती दिली. “आता तुझ्या हवाली. नीट कर हं बाळ. दुसरी वेल नाही आपल्याकडे.”

त्या बाहेर गेल्या. मी लॅमिनारसमोर बसले. टोपी, मास्क, स्पिरिटने हात धुतलेले. सुरी ज्योतीवर धरली, गार केली, पहिला तुकडा समोर घेतला, आणि हात थांबला.

आण घेतलेली होती ना!

हसू नका. मी विज्ञानाची पदवीधर होते, पाटी समोर भिंतीवर होती, सगळं कळत होतं. पण ती म्हातारी त्या खडकाशी कशी उभी होती, ते डोळ्यांसमोरून हलेना. मनात म्हटलं, मनातल्या मनात बोलावं. बोलले. पण ते काही खरं वाटेना. एखाद्याला कापायचं आणि त्याच्याशी मनातल्या मनात बोलायचं, हे म्हणजे त्याला न सांगितल्यासारखंच की! मग म्हटलं, हळू बोलू. मास्कमधून आवाज नीट फुटेना. शेवटी काय झालं कोण जाणे, मी मास्क हनुवटीखाली ओढला, तुकड्यावर वाकले, आणि बोलले. दोनच वाक्यं. कापलं, बाटलीत ठेवलं, बूच लावलं, ‘१’ लिहिलं.

मग दुसरा तुकडा. तो काय पहिल्याचं ऐकून होता? त्यालाही सांगितलं. तिसऱ्यालाही. दोनाची चार वाक्यं झाली. एका बाटलीपाशी तर मी चक्क नाक ओढलं. अडतीस बाटल्या अशा झाल्या. एवढ्यात दार वाजलं. मॅडम आत डोकावल्या. मी विजेच्या वेगाने मास्क वर घेतला.

“किती राहिले?”

मी दोन बोटं दाखवली. त्या मागे उभ्या राहिल्या, आणि शेवटचे दोन तुकडे मी ओठ मिटून, खाली मान घालून कापले. त्या दोघांना काहीच सांगता आलं नाही म्हणून मला दिवसभर चुटपुट लागून राहिली.

*

पाचव्या दिवशी सकाळी बाटल्यांच्या खोलीतून मॅडमची हाक आली. हाक कसली, नुसतं “उज्ज्वला” एवढंच, पण मी धावले.

ट्यूबलाइटच्या उजेडात मांडणीवर ओळीने बाटल्या. प्रत्येक तुकड्याच्या बुडाशी दुधाळ पांढरं वर्तुळ. काहींच्या वर बुरशीचा कापूस. एक, दोन, तीन… मॅडम एकेक बाटली उचलत, उजेडाशी धरत, खाली ठेवत होत्या. बाटली काचेवर किणकिण वाजत होती, कारण त्या दिवशी त्यांनी कंप लपवला नव्हता.

“अडतीस गेल्या,” त्या म्हणाल्या. “दोन वाचल्या. एकोणचाळीस आणि चाळीस.”

एकोणचाळीस आणि चाळीस. जगात त्या दोन आकड्यांचा अर्थ फक्त मला कळत होता.

मॅडम स्टुलावर बसल्या. मग उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

“पाऱ्याचं पाणी मीच मोजलं. हात हलला असणार. किंवा घड्याळाकडे बघताना चुकले. बघ ना, तेहतीस वर्षं केलं हे काम. त्या बाईने आयुष्यभराची एकच वस्तू विश्वासाने दिली, आणि मी ती अशी…” त्यांनी चष्मा काढला. “निवृत्ती दोन वर्षांनी आहे, हात आधीच झाला निवृत्त. मी आज प्राचार्यांना सांगते. यापुढे मी आतल्या कामाला हात लावणार नाही. कागदपत्रं बघेन.”

“मॅडम, तसं नका करू.”

“तसंच करायला हवं. उगाच मोह कशाला?”

मी तिथे उभी होते. माझी नेमणूक तात्पुरती होती, दर सहा महिन्यांनी नवा कागद व्हायचा, आणि ही गोष्ट ऐकल्यावर तो कागद कुणी केला नसता. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. मी गप्प बसलेही. मॅडम उठल्या, दारापर्यंत गेल्या, डाव्या हाताने कडी काढायला लागल्या. तो डावा हात बघितला आणि मला राहवेना.

“मॅडम, तुमच्या हाताने नाही गेल्या. माझ्या तोंडाने गेल्या.”

“काय?”

“मी मास्क काढून बोलले. प्रत्येक तुकड्याशी. शेवटच्या दोन वेळी तुम्ही आलात, म्हणून बोलले नाही.”

त्या वळल्या. मी ठमाबाईंची आण सांगितली, सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

“अगं मूर्ख मुली! मास्क काय शोभेला असतो? काळजी म्हणून सांगितलं होतं ना तुला, दुसरी वेल नाही म्हणून! पाटी वाचता येत नाही? पदवी कशाची घेतलीस, बडबडीची?”

“चुकले मॅडम.”

“चुकले काय चुकले! अडतीस!” त्यांनी मांडणीकडे हात केला, आणि तो हात तसाच हवेत राहिला. त्या त्याच्याकडे बघायला लागल्या. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. मग मला वाटलं त्या खोकताहेत, पण त्या हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या.

“म्हणजे पाऱ्याचं पाणी मी बरोबर मोजलं होतं,” त्या म्हणाल्या.

“अगदी बरोबर, मॅडम. नाहीतर त्या दोन कशा जगल्या असत्या?”

त्या परत स्टुलावर बसल्या. मग एकदम विचारलं, “काय बोलत होतीस त्यांच्याशी?”

“असंच. काहीतरी.”

त्यांनी जास्त विचारलं नाही. “ऐक. तुझी शिक्षा. या दोन बाटल्या आता तुझ्या. मी हात लावणार नाही. आणि ठमाबाईंना काय झालं ते तू स्वतः जाऊन सांगायचंस. पण मोकळ्या हाताने नाही जायचं. रोप घेऊन जायचं.”

*

खडक पाण्याखाली गेल्याचं त्याच शनिवारी कळलं. आता जगात धापवेल म्हणजे बाटली क्रमांक एकोणचाळीस आणि बाटली क्रमांक चाळीस.

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. आमच्याकडे संप्रेरकांच्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये असायच्या, आणि आम्ही मुलींनी त्यांना घरगुती नावं ठेवली होती. एक ‘फुटव्याचं’, एक ‘पायाचं’. फुटव्याचं लगद्यात घातलं की एका डोळ्यातून पाच-सहा कोंब येतात. ते कोंब वेगळे करायचे, परत लावायचे. पायाचं घातलं की त्या कोंबांना खाली मुळं फुटतात. सांगायला किती सोपं! धापवेलीला फुटवे आले, भरभरून आले. दोनाचे बारा, बाराचे साठ. मी तर नाचायचीच बाकी होते. पण मुळं? एक नाही. पायाचं कमी घातलं, जास्त घातलं, अंधारात ठेवलं, उजेडात ठेवलं. खाली गाठ यायची, पिवळी पडायची, संपायची. साठाचे चाळीस झाले, चाळीसाचे पंचवीस.

“या कार्ट्यांना फुटव्याच्या औषधाची चटक लागलीय,” मॅडम एक दिवस म्हणाल्या. हात लावणार नाही म्हणाल्या होत्या, पण रोज सकाळी माझ्या मांडणीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या. “आपण त्यांना सारखं काहीतरी पाजतोय. महिनाभर काहीच देऊ नकोस. नुसता साधा लगदा. उपाशी राहू दे जरा. मग पायाचं दे, अगदी चिमूटभर.”

मी तसं केलं. महिनाभर जीव मुठीत धरून बसले. मग चिमूटभर पायाचं. अठराव्या दिवशी मी बाटली खालून उजेडाशी धरली, तर बुडाशी पांढरी, केसाएवढी रेघ. मला आधी काचेचा चरा वाटला. पुसून बघितला, पुसला जाईना.

“मॅडम!” मी बोळातून ओरडत गेले. “मॅडम, पाय लागले!”

त्यांचा तास चालू होता. चाळीस मुलांना तसंच टाकून त्या आल्या. बाटली मी त्यांच्या हातात दिली, त्यांच्या उजव्या हातात. ती हातात हलत होती आणि त्या हसत होत्या.

रोपं बाटलीतून बाहेर काढणं ही तर त्याहून नाजूक गोष्ट. बाटलीतल्या रोपाला वारा माहीत नसतो, ऊन माहीत नसतं. एकदम बाहेर आणलं की मान टाकतं. आधी प्लॅस्टिकच्या तंबूत, मग तंबूला एक भोक, मग दोन, मग तासभर उघडं. बावीस रोपं काढली, सात जगली. सातव्याला मी रोज हात जोडायचे, कारण ते आठवड्यातून तीनदा मरायला टेकायचं.

*

वसाहतीत मी एकटीच गेले, एसटीने, मांडीवर खोकं घेऊन. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, पत्र्याच्या खोल्या, दारांवर आकडे. झाड म्हणाल तर बाभूळ. ठमाबाईंचं दार विचारत गेले तर एक बाई म्हणाली, “ती पाला देनारी? आता न्हाई देत काई. बसून राहाती.”

ठमाबाई खरंच बसलेल्या होत्या. दाराशी, भिंतीला टेकून, हात मांडीवर. वर्षात निम्म्या झाल्या होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मी खोकं उघडलं. त्या बघत राहिल्या. मग एक पान खुडलं, बोटांत चुरडलं, हुंगलं, जिभेवर ठेवलं.

“तीच हाये,” त्या म्हणाल्या. एवढंच. पण दोन्ही हात खोक्यात घातले आणि किती तरी वेळ बाहेर काढले नाहीत.

आता सांगायलाच हवं होतं. “मावशी, हिची चाळीस रोपं केली होती. अडतीस मेली. माझ्यामुळे मेली.”

“तुज्यामुळं कशी?”

“तुम्ही आण घातली होती ना, बोलल्याशिवाय कापायचं नाही म्हणून. मी बोलले. तोंडातले जंतू उडाले आणि सगळी कुजली. ज्या दोघांशी बोलले नाही ती जगली. ही त्यांचीच पोरं.”

ठमाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. “मी कव्हा म्हन्ले बोल म्हनून?”

“अहो, खडकापाशी! बोलल्याबिगर पातं चालवू नको म्हणालात.”

“बोलल्याबिगर?” त्यांनी कपाळावर हात मारला. “आगं माझे बाये! बोल*व*ल्याबिगर म्हन्ले मी! बोलवल्याबिगर! आवतान दिल्याबिगर! आदल्या सांजंला जायाचं, बुडाशी चार तांदूळ ठिवायचं, सकाळच्याला येते म्हनून बोलवायचं, ते बी मनात. आन् कापताना तर तोंडात पान्याची चूळ धरून बसतो आमी. एक शबुद काढायचा न्हाई.”

“चूळ? मला वाटलं, तुमच्या गालात तंबाखू…”

“तंबाखू! कापताना?” त्या खवळल्याच. “झाडाम्होरं तोंड उघडायचं नसतंय. थुका उडतो. थुका उडाला की झाड बाटतं. एवढं बी म्हाईत न्हाई तुमच्या कालीजात?”

आमच्या पाटीवर दुसरं काय लिहिलं होतं? मला हसू यायला लागलं, आणि ते आवरेना, आणि हसता हसता रडूही यायला लागलं. एका ‘व’पायी अडतीस बाटल्या! ठमाबाईही हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, गदगदून. शेजारची बाई बाहेर येऊन बघून गेली. वर्षभरात हे दार पहिल्यांदाच हसत असावं.

हसणं ओसरलं. ठमाबाईंनी डोळे पुसले आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

“पर काय बोललीस गं तिला? सांग की.”

मॅडमना सांगितलं नव्हतं. पुढे नवऱ्यालाही कित्येक वर्षं सांगितलं नाही. त्या दिवशी मात्र सांगितलं.

“मावशी, मी चौथीत होते. आमच्या गावात पुढची शाळा नव्हती, घरात वडील आजारी. आईने मला मामाच्या गावी नेऊन ठेवलं. एक शब्द बोलली नाही. पिशवी ठेवली, पाणी प्यायली, निघून गेली. बोलली असती तर रडली असती, म्हणून गेली असेल तशी. पण मला ते कुठे कळत होतं? वर्षभर मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं म्हणून मला टाकली. तेच आलं तोंडात. मी वेलीला म्हटलं, घाबरू नकोस. तुला टाकलेली नाही. तिथे पाणी येतंय म्हणून आणलीय. तुझी काही चूक नाही.”

पत्रा उन्हाने कडकडत होता. ठमाबाई उठल्या, आतून खुरपं आणलं, तांब्याभर पाणी आणलं. दाराच्या डाव्या अंगाला, जिथे दुपारनंतर सावली यायची, तिथे सात आळी केली. पहिलं रोप माझ्याकडून घेतलं. तांब्या उचलून चूळ भरली, गाल फुगवून रोप आळ्यात धरलं. माती लोटायला हात पुढे केला, आणि तो तसाच थांबला.

मग त्यांनी बाजूला होऊन चूळ थुंकून टाकली.

“सासू काय म्हनंल ती म्हनू दे,” त्या म्हणाल्या, आणि रोपावर वाकून मोठ्यांदा बोलल्या, “घाबरू नगं गं बाये. तुला टाकलेली न्हाई. तितं पानी आलं म्हनून आनलीय. तुजी काई चूक न्हाई.”

माती लोटली, दुसरं रोप घेतलं. परत तेच बोलल्या. सात रोपं लावली, सातही वेळा बोलल्या. तिसऱ्या रोपापासून पुढे त्यांचा आवाज फाटत गेला. त्या रोपाकडे बघत नव्हत्या, वर, लांब, उन्हाच्या झळांत दिसेनाशा झालेल्या आपल्या डोंगराकडे बघून बोलत होत्या, आणि मी शेजारी बसून एकेक रोप त्यांच्या हातात देत होते.